ख रांगेतले उंदीर

१० मार्च १९८६, सोमवार

आज कामावर हजर झालो. अंधेरीला, महाकाली रस्त्याच्या आतल्या बाजूला एक संशोधन संस्था आहे, तिथे. हुद्दा प्राणिगृह परिचर. हजेरीपटावर नाव लिहिलं गेलं, काशीराम विठोबा घाडी. मिलच्या संपापासून चार वर्षं भाजी विकली, वॉचमनकी केली, पण नाव कुणी लिहून घेतलं नव्हतं.

माझ्या ताब्यात अठ्ठेचाळीस पांढरे उंदीर आहेत. लाल डोळे, गुलाबी शेपट्या. साफसफाई, दाणापाणी, वजन. वरच्या अधिकारी डॉक्टर रत्नप्रभा तळपदे. चाळिशीच्या असतील, मेंदूवर संशोधन करतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांच्या हाताखाली अंबादास सोनवणे. तो इथे अकरा वर्षं आहे, औषध मोजणं आणि सुई टोचणं त्याच्याकडे. बाईंनी मला पांढरा कोट दिला. खिशावर संस्थेचं नाव भरलेलं आहे. मी जन्माचा विणकर, आधी टाके बघितले. काम बरं आहे.

घाटकोपरला घरी पोचलो तर शेवंती दारातच उभी. "न्हाल्याबिगर आत येव नकात," म्हणाली. भाटवाडीतल्या शेजाऱ्यांना तिने सांगितलंय की आमचे हे औषधांच्या कंपनीत लागले. उंदरांचं नाव काढलेलं नाही.

ही डायरी बाईंनीच दिली. म्हणाल्या, रोज काय दिसलं ते लिहायची सवय ठेवा. कामाचं तिथल्या रजिस्टरात लिहीन. इथे माझं. चाळीच्या मंडळाचं इतिवृत्त सतरा वर्षं मीच लिहिलं, तेव्हा लिहायचं भय नाही.

१३ मार्च

आज बाईंना धीर करून विचारलं, हे सगळं कशासाठी? त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि सांगितलं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातात, ते रसायनाने जातात. भीतीचा निरोप फार जोरात गेला की उंदीर कोपरा धरतो, खात नाही, हलत नाही. माणसाचंही तसंच होतं. बाईंनी एक औषध निवडलंय, ते तो जोर कमी करतं की नाही ते बघायचं.

मी म्हटलं, "म्हणजे मागावरच्या धोट्यासारखं, बाई. इकडून तिकडे सूत घेऊन जायचा. धोटा जास्त जोरात आला की कापड फाटतं."

बाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "धोटा. हे मी वर्गात सांगेन."

चोवीस उंदीर क, चोवीस ख. एका गटाला औषध, दुसऱ्याला नुसतं खारं पाणी. कुणाला काय ते फक्त अंबादासला माहीत. त्याने बाटल्या भरल्या, वर अक्षरं लिहिली आणि लिफाफा बंद करून बाईंच्या कपाटात ठेवला. बाईंनाही ठाऊक नाही. आधीच कळलं तर डोळा आपल्याला हवं तेच बघतो, असं त्या म्हणाल्या.

"आणि काशीराम, कामापुरताच हात लावायचा. लाड नाहीत."

"हो बाई."

१८ मार्च

पिंजऱ्यांचं लिहितो. स्टोअरने नवे पिंजरे चोवीसच दिले. नव्याला खाली ट्रे आहे, ओढला की भुसा बदलता येतो, आतल्या उंदराला पत्ताही लागत नाही. अंबादासने ते भिंतीकडच्या मांडणीवर लावले, तिथे क आहेत. ख रांगेच्या वाट्याला जुने पिंजरे आले. त्यांचा तळ डाख देऊन बसवलेला. प्रत्येक उंदीर बाहेर काढायचा, डाव्या कोपराच्या बेचक्यात धरायचा, उजव्या हाताने खरवडायचं. क रांग वीस मिनिटांत होते. ख रांगेला दीड तास लागतो.

पण मला त्याचं काही नाही. मिलच्या मागखात्यात आवाज एवढा की बावीस वर्षं आम्ही हातानेच बोललो. तुटलेला धागा ओढून चालत नाही, हळू धरून गाठ मारावी लागते. उंदराचंही तसंच दिसतंय.

५ एप्रिल

ख रांगेतले आता पिंजरा उघडला की स्वतःच पुढे येतात. सात नंबर तर कोटाच्या बाहीत तोंड घालून बसतो, मी भुसा बदलेपर्यंत. क रांगेतले मात्र मी समोर गेलो की मागच्या भिंतीला चिकटतात.

औषध लागू पडलं असं दिसतंय. लिफाफा बंद आहे, पण मला कळायला लिफाफा कशाला हवा. बाईंना सांगितलं नाही, त्यांचा डोळा बिघडेल.

९ मे

दिल्लीहून दोन साहेब आले होते. बाईंच्या कामाला मंजुरी तिथूनच येते. एकाने ख रांगेतला उंदीर माझ्या हातावर बघितला आणि इंग्रजीत काही म्हणाला. अंबादासने अर्थ सांगितला, इतके शांत उंदीर त्याने कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिले नाहीत. बाईंचा चेहरा उजळला. मीही कोट सारखा केला.

घरी शेवंतीला सांगितलं. "उंदराचा कौतुक," एवढंच म्हणाली. पण रात्रीच्या भाकरीला तूप जास्त होतं.

११ जून

आजपासून चाचणी. पत्र्याचं गोल मैदान आहे, तळाला चौकोन आखलेले, वर लख्ख दिवा. उंदीर मध्ये सोडायचा, पाच मिनिटं बघायचं. किती चौकोन ओलांडले ते बाई मोजतात. मी लेंड्या मोजतो. घाबरलेला उंदीर कडेला बसतो आणि लेंड्या टाकतो. अंबादासला या खोलीत यायची बंदी, कारण त्याला लिफाफा माहीत.

क चे बहुतेक कडेला बसले. ख चे फिरले. सात नंबरने दोन पायांवर उभं राहून दिव्याकडे बघितलं.

बाईंची पेन्सिल भराभर चालत होती.

२४ जून, मंगळवार

वाट लागली.

आज सगळ्यांसमोर लिफाफा उघडला. ख म्हणजे खारं पाणी. क म्हणजे औषध.

बाईंनी कागद दोनदा वाचला, मग अंबादासकडे दिला. म्हणाल्या, "हे तुझंच अक्षर ना?"

"हो बाई."

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल?"

"नाही बाई. मी अक्षरं तीनदा वाचतो."

"मग सांग. तीन महिने औषध घेतलेले उंदीर थरथरतात आणि पाणी घेतलेले दिव्याकडे बघतात, हे कसं झालं?"

अंबादास कागद घेऊन बाटल्यांवरची अक्षरं पुन्हा ताडून बघायला लागला.  माझी कामगिरी फुकट गेली असं वाटत होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

२५ जून

संचालकांनी अंबादासकडून लेखी खुलासा मागितलाय. शनिवारपर्यंत. बाटल्यांच्या निष्काळजीपणाबद्दल. डबा खाताना तो म्हणाला, "काशीराम, अकरा वर्षांत माझी एक सुई चुकली नाही रे. आता काय लिहू? झालंच नाही ते लिहू?"

मी म्हटलं, "बघू. निघेल काहीतरी."

२६ जून

आज सकाळी ख रांग साफ करत होतो. सात नंबर बाहीत होता. तेव्हा मिलमधले आमचे जॉबर, म्हणजे मुकादम, राजाराम आठवले. कापडात त्याच जागी पुन्हा पुन्हा दोष आला की नवे विणकर सुताला शिव्या देत. राजाराम म्हणत, सूत बघू नका, माग बघा.

मी थांबलो. दोन रांगांत सूत काय वेगळं आहे ते सगळे शोधतायत. माग वेगळा आहे. एका रांगेला ट्रे आहे. दुसऱ्या रांगेला मी आहे.

क रांगेतला एक पिंजरा उघडून आत हात घातला. तो किंचाळला.

पाण्याने कुणी माणसाळत नाही. हे मी केलं. रोज दीड तास, तीन महिने. बाईंनी लाड नाहीत म्हणून बजावलं होतं, आणि मी सात नंबरला बाहीत बसवत होतो.

कुणालाही काही बोललो नाही.

२७ जून

आजही बोललो नाही. सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो. अंबादास माझ्या समोर बसून खुलासा लिहीत होता, तीन कागद फाडले, आणि मी पिंजरे पुसत होतो. मनात हिशोब चालला होता की मला लागून चार महिनेही झाले नाहीत. मला काढायला खुलासासुद्धा मागणार नाहीत. मग पुन्हा कुठल्या तरी दारावर स्टूल टाकून बसायचं.

घरी जेवण गेलं नाही. शेवंतीने विचारलं म्हणून सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला केलं आणि म्हणाली, "खरा काय ता सांगान टाका. गप रवल्यार जेवान उतरूचा नाय तुमका."

मी म्हटलं, "नोकरी जाईल गं."

"जावंदे. त्या माणसाचा घर नाय काय?"

२८ जून, शनिवार

आठ वाजता, अंबादास यायच्या आधी, बाईंच्या खोलीत गेलो. उभ्यानेच सांगितलं. नवे पिंजरे, जुने पिंजरे, कोपर, बाही, सगळं.

त्या आधी ऐकत होत्या. मग उठल्या. "मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, काशीराम. कामापुरता हात. मराठीतच सांगितलं होतं ना?"

"हो बाई."

"दोन वर्षांचं काम आहे हे. तुम्हाला कल्पना आहे?"

मला राग यायचं काही कारण नव्हतं, पण आला. म्हटलं, "बाई, बाही माझी चूक. पण जुना पिंजरा उंदराला हात लावल्याशिवाय साफ होत नाही. तुम्ही एकदा करून बघा."

असं मी कुणा साहेबाशी आजवर बोललो नव्हतो. त्या मग कोट चढवून सरळ प्राणिगृहात आल्या. ख रांगेतला एक पिंजरा खाली घेतला. चिमट्याने उंदीर उचलायला गेल्या तर तो ओरडला. चिमटा ठेवला. हाताने धरला, सुटला, पुन्हा धरला. दुसऱ्या हाताने भुसा खरवडायला लागल्या तर धरलेला हात घट्ट होऊ लागला. मी म्हटलं, "कोपरात घ्या बाई. छातीशी." त्यांनी घेतला. सगळं होईपर्यंत सहा मिनिटं गेली. केस सुटले, कोट भुशाने भरला. उंदीर कोपरात मुकाट बसून होता.

बाई मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. हाताळलेला उंदीर वेगळा वागतो, हे लोकांनी तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मी दरवर्षी शिकवते. आणि माझ्याच खोलीतले पिंजरे मी कधी..." 

मी विचारलं, "माझा राजीनामा लिहून देऊ का?"

"आधी हा उंदीर घ्या माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "मला कसा ठेवायचा ते कळत नाहीये."

३० जून

बाईंनी संचालकांना पत्र दिलं. त्यात काय होतं ते माहीत नाही, पण अंबादासचा खुलासा त्याला परत मिळाला. मग बाई औषधांच्या खोलीच्या दारात आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अंबादास, मी तुझ्यावर संशय घेतला. चूक माझी होती. मला माफ कर." एवढी शिकलेली बाई. माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बहुतेक अजून रागावल्या असाव्यात.

अंबादासला मी सगळं सांगितलं. दोन दिवस गप्प राहिलो म्हणून तो चिडलाय. डबा वेगळा खाल्ला.

७ जुलै

अंबादासने आज शेजारी येऊन डबा उघडला. "तुझी बायको कुर्ल्यांचं कालवण करते ना? कधीतरी आण," म्हणाला. संपलं.

बाईंनी दिल्लीहून सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. तेवढ्यात काही निघालं नाही तर काम बंद.

४ ऑगस्ट

नवा प्रयोग गेल्या आठवड्यापासून सुरू. अठ्ठेचाळीस नवे उंदीर, सगळे सारख्या पिंजऱ्यांत. कमी पडलेले चोवीस पिंजरे बाई स्वतः बोरिवलीच्या एका कॉलेजातून टेम्पोत घालून घेऊन आल्या. आता चार गट. बारांना औषध आणि माझा हात. बारांना पाणी आणि हात. बारांना औषध, हात नाही. बारांना नुसतं पाणी.

हात म्हणजे रोज पाच मिनिटं, घड्याळ लावून. बाईंनी रजिस्टरात रकाना आखलाय, वर लिहिलंय "हाताळणी : का. वि. घाडी". जे चोरून करत होतो त्याला आता रकाना आहे. पण पाच म्हणजे पाच. साडेपाच झाली तर तसं लिहायचं.

मी एकदाही साडेपाच केली नाहीत. एका दिवशी झाली. लिहिली.

२२ ऑगस्ट

शेवंतीने आज नळावर शेजारणीला सांगितलं की आमचे हे मेंदूच्या संशोधनात आहेत. मला शेजारणीच्या नवऱ्याकडून कळलं. तो विचारत होता, स्मरणशक्तीचं औषध मिळेल का.

२३ सप्टेंबर

चाचणी झाली. या वेळी कोण कुठल्या गटातला ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून बाईंनी दुसऱ्या विभागातल्या माणसाला बसवलं. मलाही बाहेर ठेवलं. दाराबाहेर तीन दिवस बसलो. उंदीर मला ओळखतात हे खरं. पण मी आत असतो तर तेही एक औषधच झालं असतं.

६ ऑक्टोबर

चाचणीनंतर मेंदू काढावा लागतो, त्याशिवाय रसायन मोजता येत नाही. हे मला आधीपासून माहीत होतं.

बाईंनी सकाळी बोलावलं. म्हणाल्या, "अनोळखी हाताने धरलं तर शेवटच्या मिनिटात घाबरतील आणि रसायन बदलेल. सगळ्यांना एकाच माणसाने, शांतपणे आणायला हवं. तुम्ही नाही म्हणालात तर मी आणीन. पण माझा हात अजून चांगला नाही."

मी म्हटलं, "मी आणतो."

प्राणिगृहापासून आतल्या खोलीपर्यंत बावीस पावलं. आज चोवीस, उद्या चोवीस. एकेक कोपरात घेऊन गेलो. ज्यांना सवय होती त्यांनी कोटात तोंड खुपसलं, अंबादासच्या हातात देईपर्यंत अंग चोरलं नाही. पुढचं काम अंबादासचं, एका झटक्याचं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

वाईट वाटलं असं काही नाही. काम आहे ते. डबा खायचा राहिला. घरी शेवंतीने डबा उघडून बघितला. आंघोळीचं पाणी काढून ठेवलं, मग वाटीत शिरा घेऊन समोर बसून राहिली, मी खाईपर्यंत.

७ ऑक्टोबर

उरलेले चोवीस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रसायन मोजणारं यंत्र महिनाभर चाललं. आज बाईंनी अंबादासला आणि मला बोलावून फळ्यावर चार खांब काढले, चाचणीत ओलांडलेल्या चौकोनांचे. सगळ्यांत बुटका नुसत्या पाण्याचा. त्याच्या दीडपट नुसत्या औषधाचा. त्याहून बराच उंच नुसत्या हाताचा. आणि सगळ्यांत उंच, दोन्ही मिळालेल्यांचा. मेंदूतल्या भीती आवरणाऱ्या रसायनाचे आकडेही त्याच क्रमाने.

अंबादास म्हणाला, "म्हणजे औषध खरं होतं."

"होतं," बाई म्हणाल्या. "मार्चमध्येही होतं. फक्त त्याच्या शेजारी आणखी एक औषध रोज दीड तास दिलं जात होतं आणि मला पत्ता नव्हता." मग माझ्याकडे वळल्या. "काशीराम, तुम्ही त्या सकाळी आला नसतात तर मी चांगलं औषध कचऱ्यात टाकलं असतं, आणि एका चांगल्या माणसालाही."

मी म्हटलं, "जॉबर राजाराम म्हणायचे ते."

दिल्लीने दोन वर्षं वाढवून दिली आहेत. शोधनिबंधात हाताळणीची पद्धत लिहायची म्हणून बाईंनी मला तासभर प्रश्न विचारले. अंगठा कुठे? बोटं किती वाकवता? उंदराचे मागचे पाय कशावर टेकतात? बावीस वर्षांत मला माझ्या हातांबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं. बऱ्याच गोष्टी मलाही सांगताना कळल्या.

१९ जानेवारी १९८७, सोमवार

आज संस्थेत सभा होती. बाहेरून मेंदूवाले डॉक्टर आले होते, पुण्याचे, बडोद्याचे, एक ट्रॉम्बेहून. बाईंचं भाषण इंग्रजीत झालं. मी मागच्या खुर्चीवर. माझं नाव तीनदा आलं, ते कळलं. धोटाही एकदा आला, मराठीतच.

भाषण संपल्यावर बाईंनी मला पुढे बोलावलं. सहा डॉक्टरांना उंदीर कसा धरायचा ते शिकायचं होतं, त्यांच्या प्रयोगशाळांतही तसंच करायचं म्हणून. टेबलावर सहा पिंजरे मांडलेले.  पहिला पिंजरा उघडला आणि हात आपोआप कामाला लागले.

ट्रॉम्बेचे डॉक्टर सगळ्यांत वयस्कर, चष्मेवाले. त्यांनी उंदीर अशी मूठ आवळून धरला की त्याचे डोळे बाहेर आले. मी म्हटलं, "साहेब, मूठ सैल करा."

"पळेल ना."

"घट्ट धरलात म्हणून पळायला बघतोय. त्याला पळण्याएवढी जागा ठेवा, मग तो पळत नाही."

त्यांनी बोटं एकेक करून सैल केली. उंदीर हातावर चढला, कोपरापर्यंत गेला, वास घेतला आणि तिथेच बसला. डॉक्टरांनी श्वास रोखून धरला होता. मी घड्याळ दाखवलं. "आता पाच मिनिटं. बोलायचं नाही."

सभागृह पाच मिनिटं गप्प. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्याही कोपरात एक उंदीर होता. त्यांचा हात आता चांगला झालाय.

मिलमध्ये माझ्या हाताखाली कधी एक बदली माणूस असायचा, कधी तोही नसायचा. आज सहा डॉक्टर होते. दोघांना पहिल्याच वेळी जमलं. बाकीच्या चौघांना मी पुन्हा करायला लावलं.